राखीव वॉर्ड खुला झाला की बाई जाते कुठे?

कडूलिंब

महिला आरक्षण हवं की नको यावर इथे भरपूर दळण दळून झालंय. तो वाद घालायचा असेल तर जुने धागे वर काढा. माझा प्रश्न बारीक आहे. पाच वर्षं महिलांसाठी राखीव असलेला वॉर्ड पुढच्या सोडतीत सर्वसाधारण होतो. तिथे निवडून आलेल्या, चार कामं केलेल्या बाईचं पुढे काय होतं?

आकडे बघा. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा बायकांना. आमच्या मुंबईत २२७ पैकी ११४. आणि २०२४ च्या विधानसभेत निवडून आल्या २८८ पैकी २१, म्हणजे शंभरात सात. २०१९ ला २४ होत्या, त्याही घटल्या. विरोधी बाकांवर तर धारावीच्या ज्योती गायकवाड एकट्याच. खाली इतक्या बायका सभागृहात बसून, ठराव मांडून, भांडून तयार झाल्या, त्या वर जाईपर्यंत गळतात कुठे?

मुंबई पालिकेवर रिखिल भावनानी या अभ्यासकाचं एक गाजलेलं संशोधन आहे. १९९७ ला राखीव असलेले आणि २००२ ला खुले झालेले वॉर्ड एकीकडे, दोन्ही वेळा खुले असलेले दुसरीकडे. पहिल्या प्रकारात बाई निवडून येण्याची शक्यता साधारण पाचपट निघाली. आरक्षणाचा परिणाम मागे उरतो याचा पुरावा म्हणून ते सगळीकडे सांगितलं जातं. बरोबरच आहे. पण पाचपट कशाच्या? दुसऱ्या प्रकारात बायका शंभरात जेमतेम चार! त्याची पाचपट म्हणजे पाच वॉर्डांत एक बाई. उरलेल्या चार वॉर्डांत काय होतं, ते मला इथल्या लोकांकडून ऐकायचंय.

मी गोरेगावची. इथे मृणाल गोरे १९६१ ला नगरसेविका झाल्या तेव्हा आरक्षण नव्हतं. १९७७ ला त्या आणि अहिल्या रांगणेकर लोकसभेत गेल्या, १९८० ला प्रमिला दंडवते. तिघींच्या मागे पाण्याचे, महागाईचे, लाटण्यांचे मोर्चे होते. आता तसे मोर्चेही नाहीत, मग बाई पुढे येणार कुठून?

तिरकस

कुठे जाते म्हणजे? स्वयंपाकघरात. जिथून आली होती तिथेच.

रागावू नका, पण मी तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे बॅनरवर बाईंचा फोटो पासपोर्ट साइजचा आणि 'साहेबांचा' पूर्ण उंचीचा. खाली मोबाईल नंबर साहेबांचा. गटार तुंबलं की लोक फोन करतात साहेबांना. सोडत झाली, जागा खुली झाली, साहेब स्वतः उभे राहिले. मध्ये बाई होत्या हे गावाला आठवतही नाही. 'सरपंच पती' हे पद घटनेत नाही एवढंच, बाकी त्याला मान, खुर्ची, चहा सगळं आहे.

विळी_खवणी

अवांतर: मृणालताईंवरून ७७ ची घोषणा आठवली. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.' पानीवाली म्हणजे मृणालताई, दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. आमचे वडील अजून खुशीत म्हणून दाखवतात.

भीमाकाठ

तिरकसदादा, तुमचं खोटं नाही, पण ते बाहेरून बघितलेलं आहे. मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, त्यातली शेवटची काही वर्षं सरपंच. आतून कसं असतं ते सांगते.

आता वित्त आयोगाचे पैसे चेकने जात नाहीत. ग्रामसेवक (हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि सरपंच, दोघांची डिजिटल सही लागते. ती सही एका डोंगलमध्ये असते, पेनड्राइव्हसारखं दिसतं. मी सरपंच झाले तेव्हा डोंगल आलं आणि सरळ संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये गेलं. पासवर्ड त्याने एका चिठ्ठीवर लिहून डोंगललाच रबराने बांधला होता. नोंदणीला मोबाईल नंबर दिला होता आमच्या मालकांचा, कोणी दिला ते कोणी सांगेना. म्हणजे बिल निघालं तरी मला पत्ता नाही. सही मात्र माझी.

मी दोन गोष्टी केल्या. डोंगल पर्समध्ये ठेवायला लागले आणि नंबर बदलून माझा टाकला. बास. त्यावरून घरात आणि पंचायतीत जो तमाशा झाला, तो रस्त्याच्या किंवा पाण्याच्या कुठल्याच ठरावावर झाला नव्हता. आमचे मालक तसे चांगले आहेत, पण त्यांनाही चार दिवस वाटत होतं की बायकोने चोर ठरवलं. ऑपरेटर तर माझ्याशी बोलेनासाच झाला. पण त्यानंतर ठेकेदार बिलाचं विचारायला मालकांकडे जायचे बंद झाले, माझ्याकडे यायला लागले. 'वहिनी, जरा बघा की' म्हणत. मग मी काम बघून यायचे. एका गटारीला सिमेंट इतकं कमी होतं की चपलेने खरवडलं तर वाळू निघत होती. बिल थांबवलं.

बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. डोंगल कोणाकडे आहे आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, एवढं विचारा. कोण सरपंच आहे ते कळतं.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: टर्म संपली, वॉर्डातली ओबीसी महिलांची माझी जागा खुली झाली. मी पॅनलप्रमुखांना म्हटलं, मी परत उभी राहते. ते हसले. 'वहिनी, तुमची टर्म झाली की आता. ही जागा माणसांची आहे.' मी म्हटलं, सर्वसाधारण आहे, कोणीही लढू शकतं. तर म्हणे, 'कायद्याने लढू शकतं हो.'

कडूलिंब

भीमाकाठताई, हे वेगळं लेख म्हणून टाका. 'कायद्याने लढू शकतं हो' यात सगळं आलं. खुली जागा म्हणजे पुरुषांसाठी राखीव, हा अलिखित नियम. पाचातल्या चार वॉर्डांत काय होतं, त्याचं उत्तर मला मिळालं.

निवृत्त_पण_जागा

नोकरी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुंबईत एका वॉर्डातून एक नगरसेवक. त्यामुळे तिथे वॉर्ड राखीव झाला की पुरुषाला खरोखर दुसरीकडे जावं लागतं, कुरकुर होते, आणि बाईला एक मोकळं मैदान मिळतं. इतर बहुतेक महापालिकांत चार-चार सदस्यांचे प्रभाग. अ, ब, क, ड. त्यात साधारण दोन जागा महिला, दोन इतर. इथे पक्षाला कसलाच त्रास नाही. दोन बायका, दोन पुरुष, पॅनल तयार. खुल्या जागेवर बाई द्यायचा विषयच निघत नाही, 'तुमच्या दोन आहेत ना' म्हणून. निम्मं हा किमान आकडा असायचा, तो कमाल होऊन बसला.

दुसरं, निवडून आल्यावर. महापौरपदालाही महिला आरक्षण आहे, सोडतीने फिरतं. पण आपल्या महापालिका कायद्यात कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे. महापौर सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात. तिजोरीची किल्ली स्थायी समितीकडे. मुंबई सोडून बाकी महापालिकांत ती १६ जणांची. निविदा तिथे मंजूर होतात, अंदाजपत्रक आधी तिथे जातं. त्या समितीत महिलांना आरक्षण नाही, अध्यक्षपदालाही नाही. अधूनमधून एखादी बाई अध्यक्ष झाली, नाही असं नाही. पण पक्षाची बैठक बसते तेव्हा गृहीत धरलेलं असतं की पुरुष स्थायीत, बायका महिला व बालकल्याणमध्ये. शिलाई मशीन वाटायची आणि फोटो काढायचे.

तिसरं म्हणजे स्वीकृत नगरसेवक. घटनेच्या २४३-टी कलमात महिलांचं आरक्षण 'थेट निवडणुकीने' भरायच्या जागांपुरतं आहे. स्वीकृत सदस्य त्यात बसत नाहीत. पराभूत पण वजनदार माणसाला मागच्या दाराने आत घ्यायचं, तर तो दरवाजा आरक्षणमुक्त आहे.

सहकारात तर बघायलाच नको. कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, सगळीकडे संचालक मंडळावर महिलांच्या जागा दोन. मंडळ २१ जणांचं असलं तरी दोनच. महाराष्ट्रातल्या आमदारकीचा रस्ता कारखान्याच्या गेटातून जातो हे सगळ्यांना माहीत आहे. ग्रामपंचायतीत पन्नास टक्के आणि कारखान्यात एकवीसातल्या दोन, मग विधानसभेत सात टक्के निघाले यात नवल काय?

आणि प्रशासक. मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली. पुढची निवडणूक व्हायला जवळजवळ चार वर्षं गेली. बाकीही कित्येक महापालिका, जिल्हा परिषदा तशाच. इतका काळ त्या निम्म्या जागा अस्तित्वातच नव्हत्या. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेवरच्या कोर्टकज्ज्यांच्या रोज बातम्या. हजारो महिला सदस्य एका रात्रीत 'माजी' झाल्या, त्याबद्दल एक मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

तिरकस

निवृत्तकाका, दंडवत. पण एक सांगा, नेमणुकीच्या जागांवर तरी काय उजेड पडलाय? तिथे तर लोकांनी निवडून द्यायची भानगडही नाही, सरकारने मनात आणलं की झालं.

निवृत्त_पण_जागा

थोडा पडलाय, उशिरा पडलाय. निवडणुका घेणारं राज्य निवडणूक आयुक्तपद आपल्याकडे नीला सत्यनारायण यांना २००९ मध्ये मिळालं, त्या पदावरच्या पहिल्या महिला. २०१२ च्या पन्नास टक्के आरक्षणाच्या पहिल्या महापालिका निवडणुका त्यांच्याच काळातल्या. राज्याला पहिल्या महिला मुख्य सचिव मिळायला मात्र २०२४ चा जून उजाडला, सुजाता सौनिक. राज्य १९६० चं. मुख्यमंत्री अजून शून्य.

मांडवीकर

मुख्यमंत्र्यांवरून आठवलं, आमच्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्येच झाल्या, तेव्हा गोवा, दमण, दीव होतं. ताई म्हणूनच ओळखायचे सगळे. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कन्या, हे खरं. पण १९७९ पर्यंत सरकार चालवलं ना.

त्यानंतर किती पुढे गेलो म्हणाल तर २०२२ ची विधानसभा बघा. ४० आमदार, त्यात बायका तीन. जेनिफर मोन्सेरात, देविया राणे, डिलायला लोबो. आणि तिघींचे घोव त्याच विधानसभेत आमदार! चाळीसांत तीन जोडपी. लग्नाचा हॉल म्हणून नोंदणी करायला हरकत नाही.

विळी_खवणी

अगगं. हसू की रडू.

खान्देशी_भरीत

घराण्याच्या बायका म्हणून सरसकट नाक मुरडणं मला पटत नाही. २०२४ ला महाराष्ट्रातून ७ महिला खासदार गेल्या, त्यातल्या दोघी आमच्या जळगाव जिल्ह्यातून आणि एक शेजारच्या धुळ्यातून. रक्षा खडसे एकनाथ खडसेंच्या सूनबाई, मान्य. पण त्या आधी कोथळीच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषदेत, मग खासदार. स्मिता वाघ जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या, मग विधान परिषदेवर. धुळ्याच्या शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या, नंतर आमदार. म्हणजे सातांतल्या तिघी तरी स्थानिक स्वराज्य संस्थेची पायरी चढून गेल्यात. शिडी आहे. अरुंद आहे, पण आहे. पुरुषांतले किती आमदार घराण्याशिवाय आलेत, ते पण मोजा एकदा. तेव्हा कोणी 'सासऱ्याच्या जिवावर' म्हणत नाही.

आमच्याकडची आणखी एक गोष्ट शहरातल्या लोकांना माहीत नसते. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८९ मध्ये ग्रामपंचायतींत पूर्ण महिलांची पॅनलं उभी केली, पंचायतींत महिला आरक्षण आणणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या आधी. विटनेरला बायकांचीच पंचायत आली. त्याच गावाने 'लक्ष्मीमुक्ती'त बायकोच्या नावावर जमीन करून देऊन दाखवली. मला वाटतं या दोन गोष्टी जोडूनच बघायला पाहिजेत. सातबाऱ्यावर नाव नाही, बँकेत पत नाही, त्या बाईने निवडणुकीचा खर्च कोणाच्या खिशातून करायचा? ज्याच्या खिशातून करेल त्याचं ऐकावं लागणारच.

आणि विचखेड्याची केस वाचली का कोणी? २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली. महिला सरपंच, तक्रार काय, तर सासरचं घर सरकारी जागेवर आहे. खालपासून हायकोर्टापर्यंत सगळीकडे ती अपात्र. ती म्हणत होती, मी नवरा-मुलांसोबत भाड्याने वेगळी राहते. सुप्रीम कोर्टाने पद परत दिलं आणि बजावलं की निवडून आलेल्या महिलेला, त्यातही ग्रामीण भागातल्या, असं किरकोळीत काढायचं नसतं. अविश्वास ठरावाला महिला राखीव सरपंचपद असेल तर तीन चतुर्थांश बहुमत लागतं, तिथे कायद्याने थोडी ढाल दिली आहे. म्हणून मग लोक अपात्रतेचा रस्ता धरतात. कधी अतिक्रमण उकरून काढ, कधी तिसरं अपत्य. १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं मूल असेल तर अपात्र. किती मुलं व्हायची ते ठरवताना तिला विचारलं होतं का कोणी?

कटकची_पाहुणी

मी लग्नानंतर ओडिशात आहे, म्हणून इकडचं सांगते. २०१९ ला बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी ७ तिकिटं बायकांना दिली. कायदा नव्हता, पक्षाने ठरवलं. सातांतल्या पाच निवडून आल्या. त्याच वर्षी बंगालमध्ये तृणमूलने ४२ पैकी १७ दिली. 'जिंकून येणारी बाई मिळत नाही' हे वाक्य महाराष्ट्रात सगळे पक्ष म्हणतात, त्यांना हे ऐकवा. राहिलं ते मृणालताईंनंतर मोर्चे उरले नाहीत हे. इकडे ती जागा बचत गटांनी भरली असं मला दिसतं. आपल्याकडे पण 'उमेद'च्या (बचत गटांचं सरकारी अभियान) सीआरपी ताया, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच बायका, गावागावांत आहेत की, घरटी ओळख असते त्यांची. पक्ष त्यांच्याकडून सभेला गर्दी मागतात. तिकीट कधी विचारलंय?

तिरकस

ते २०२३ चं लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश महिला आरक्षणाचं विधेयक आलंय ना, मग काळजी कशाला. २८८ पैकी ९६. सुखाने झोपा.

कडूलिंब

१०६ वी घटनादुरुस्ती. लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी पास, राज्यसभेत विरोधात एकही नाही. इतकं एकमत आणि तरी कलमातच लिहून ठेवलं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग अंमल. विधान परिषद आणि राज्यसभा त्यात नाहीतच. ओबीसी महिलांसाठी वेगळा वाटा नाही. १९९६ पासून हे घोडं ज्या कारणांनी अडलं होतं, त्यातलं हे एक मोठं. भीमाकाठताई स्थानिक आरक्षणातल्या ओबीसी जागेवरून आल्या. ती जागा नसती तर पॅनलप्रमुखांनी महिलांच्या जागेवर कोणाच्या घरातली बाई दिली असती?

एक बाब मात्र मला या कायद्यात बरी वाटते. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरणार नाहीत, पुढच्या फेररचनेनंतर फिरतील. म्हणजे दोन-तीन निवडणुका एकाच ठिकाणी काम करता येईल. आपल्याकडे खाली नेमकं तेच होत नाही. पहिली दोन वर्षं कामकाज शिकण्यात, एक वर्ष जरा जोरात, मग पुढच्या सोडतीची भीती. वॉर्ड आपला राहणार नाही हे माहीत असताना पाच वर्षांचं नियोजन कोण करेल? दोन टर्म तरी जागा तीच ठेवा.

निवृत्त_पण_जागा

दोन टर्मची मागणी बरोबर आहे, पण त्याला पुरुष नगरसेवक मरेपर्यंत विरोध करतील. एकदा वॉर्ड गेला तर दहा वर्षं गेला. त्यापेक्षा स्थायी समितीत निम्म्या जागा मागा. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, राज्याच्या कायद्यात बदल पुरतो. मागणी लहान दिसते म्हणून पटकन मान्यही होईल. आणि खरा फरक तिथे पडेल.

तिरकस

पटकन?

निवृत्त_पण_जागा

सरकारी पटकन.

भीमाकाठ

सगळ्यांचं वाचतेय. कामामुळे उत्तर द्यायला उशीर. मी यंदा खुल्या जागेवरच अर्ज भरणार आहे, पॅनल नसलं तरी. बचत गटातल्या बायका वर्गणी काढतो म्हणाल्यात, मालक म्हणाले बघ बाई. काका, खुल्या जागेला जातीच्या दाखल्याची भानगड नसते ना? गेल्या वेळी वैधता पडताळणीला फार दमवलं. दाखला वडिलांच्या कागदांवरून, म्हणजे माहेरच्या तालुक्यातून काढायचा, भावाच्या मागे लागून शाळेचे जुने उतारे आणायचे, वर लग्नानंतर नाव बदललं त्याचा वेगळा पुरावा. पुरुष उमेदवार एका फेरीत मोकळे.

निवृत्त_पण_जागा

सर्वसाधारण जागेला जातीचा दाखला लागत नाही. शौचालयाचा दाखला आणि थकबाकी नसल्याचा दाखला मात्र आताच मागून ठेवा. शेवटच्या दिवशी ग्रामपंचायत अधिकारी रजेवर असतात, हा माझा नोकरीतला अनुभव. निवडणूक खर्चाला बँकेत वेगळं खातं काढा. गटाच्या वर्गणीची पावती-वही ठेवा, दहा रुपये असले तरी. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, हरलात तरी द्यायचा. कित्येक जणी इथेच अपात्र होतात, कारण हिशोब 'मालक देतील' म्हणून राहतो.

भीमाकाठ

हिशोब कुठे द्यायचा, तहसीलला?

निवृत्त_पण_जागा

हो, तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.